एक बोट, पाच अर्थ

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आमच्या चर्चच्या उपासनेत जो गोंधळ झाला त्याला मी स्वतः कारणीभूत होते, हे आधीच कबूल करते. गीताचे तिसरे कडवे संपत आले होते, लहान मुले हातातल्या झावळ्या हलवत वेदीच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती, मंडळीचा आवाज चांगला लागला होता आणि ध्रुपद आणखी एकदा घ्यावे असे मला वाटले. मी पेटी वाजवते. उजवा हात पट्ट्यांवर असतो, म्हणून भात्यावरचा डावा हात क्षणभर उचलून मी तर्जनी वर केली. माझ्या मनात त्या बोटाचा अर्थ स्वच्छ होता : आणखी एकदा.

गिटार वाजवणाऱ्या मुलाने ‘एक नंबरची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे जुडगे) धरून ठेव’ असा अर्थ घेतला आणि तो तिथेच थांबला. पडद्यावर शब्द दाखवणाऱ्या मुलीने पहिले कडवे लावले. तबल्यावरच्या काकांना वाटले की एकच आवर्तन उरले आहे, म्हणून त्यांनी सुरेख तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट, घेतली आणि समेवर हात ठेवून दिला. माझ्या शेजारच्या दोघी गायिका ध्रुपद म्हणू लागल्या, मंडळीतले निम्मे लोक पडद्याकडे बघून पहिले कडवे म्हणू लागले, आणि उरलेल्यांनी तबला थांबलेला ऐकून पुस्तके मिटली. एवढ्यात भात्यातली हवा संपून पेटीनेही मान टाकली. पाळकसाहेब शांतपणे पुढे आले आणि म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.” अकरा वर्षांच्या सेवेत इतक्या नेटक्या गोंधळाची दुसरी आठवण माझ्याजवळ नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सरावाला बसलो तेव्हा काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, तुम्ही एक बोट दाखवलं, ते कोणतं एक होतं?” मग मोजदाद झाली. पेटीवाल्यांचे एक म्हणजे काळी एक, म्हणजे सी शार्प ही पट्टी. गिटारवाल्यांचे एक म्हणजे गाण्याच्या मूळ सुरावरची कॉर्ड. तबलजीचे एक म्हणजे पहिली मात्रा, अर्थात सम. पडदा सांभाळणाऱ्यांचे एक म्हणजे पहिले कडवे. आणि माझे एक म्हणजे आणखी एकदा. आम्ही एकच आकडा पाच अर्थांनी वापरत होतो आणि प्रत्येकाचा अर्थ आपापल्या जागी बरोबर होता. गायकवृंदात रोज वापरले जाणारे शब्द आणि ते वापरणाऱ्यांची कामे एकदा नीट लिहून काढावीत, असे तेव्हा ठरले. तो कागद कपाटात पडून राहण्यापेक्षा इतर मंडळ्यांतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही वाचता यावा, म्हणून थोडा विस्ताराने येथे लिहीत आहे.

आमची बोली इतकी सरमिसळ का आहे, याचे उत्तर काही अंशी नागपूरच्या इतिहासातच आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या परंपरेतून, आणि त्या काळच्या स्कॉटिश उपासनेत वाद्ये नसत. तेथे ‘प्रिसेंटर’ नावाचा माणूस उभा राहून स्तोत्राची ओळ उच्चारी आणि मागून सारी मंडळी ती गाई. सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची अँग्लिकन परंपरा निराळी. तिच्यातून ऑर्गन, क्वायर, प्रवेशगीत असे शब्द आले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथेच, नागपुरात, सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा सहा घरांची भांडी एका स्वयंपाकघरात यावीत तसे सहा प्रकारचे शब्दही एकत्र आले. त्याआधीच नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले होते, त्यामुळे टाळ, पेटी, तबला आणि त्यांची परिभाषा ही आमच्याकडे उसनवारी नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोबाइलवरून नवी गाणी आली आणि त्यांच्यासोबत ब्रिज, टॅग, पॅड, क्लिक, इन-इअर हे शब्द आले. आता एकाच चटईवर तीन पिढ्यांचे शब्द मांडी घालून बसलेले असतात.

भूमिकांपैकी सर्वांत जास्त गैरसमज ‘वर्शिप लीडर’, म्हणजे उपासनेतले गायन पुढे नेणारा, या शब्दाविषयी आहे. पुष्कळांना वाटते की ज्याचा आवाज सर्वांत चांगला तो लीडर. बायबलच्या जुन्या करारातले शब्द पाहिले तर चित्र निराळे दिसते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देवाच्या कराराचा कोश यरुशलेमेला आणताना हेमान, आसाफ आणि एथान यांना पितळी झांजा वाजवायला नेमले होते, आणि गाण्याची जबाबदारी लेव्यांचा नायक कनन्या याच्याकडे होती, कारण तो त्या कामात जाणकार होता. पुढे पंचविसाव्या अध्यायात गाणाऱ्यांची संख्या २८८ दिली आहे आणि त्यांच्या सेवेचे २४ वर्ग पाडलेले आहेत; म्हणजे आम्ही कपाटाच्या दारावर जो पाळ्यांचा तक्ता चिकटवतो त्याला फार जुना आधार आहे. स्तोत्रांच्या मथळ्यांत ‘मुख्य गवयासाठी’ हे शब्द पंचावन्न ठिकाणी येतात. ती स्तोत्रे या माणसाच्या हाती सोपवलेली होती, कारण ती सर्वांकडून गाऊन घ्यायची होती. मला स्वतःला ‘मुख्य गवई’ हा शब्द ‘लीडर’पेक्षा आवडतो, पण सरावात तो म्हटला की तरुण मुले हसतात, म्हणून आम्ही ‘अग्रगायक’ म्हणतो.

अग्रगायकाचे खरे काम गाण्याच्या ओळींमधल्या फटींत असते. ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी तो दिसेल असा श्वास घेतो, हनुवटी किंचित उचलतो, आणि नवे गाणे असेल तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द अर्धी मात्रा आधी टाकतो. याला आमच्याकडचे जुने लोक ‘ओळ देणे’ म्हणतात, आणि स्कॉटिश प्रिसेंटर नेमके हेच करीत असे. आमच्या अग्रगायिकेचा आवाज साधाच आहे, पण तिने श्वास घेतला की शेवटच्या बाकावरच्या आजीसुद्धा श्वास घेतात. याउलट, एकदा पाहुणा म्हणून आलेल्या एका उत्तम गायकाने प्रत्येक ओळीच्या शेवटी इतक्या हरकती घेतल्या की पुढची ओळ कुठे सुरू होते ते कोणालाच कळेना, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी हात बांधून श्रोते होऊन बसली.

अग्रगायकाच्या मागे उभे राहणाऱ्यांना ‘बॅकिंग व्होकल’ किंवा नुसते ‘बॅकिंग’ म्हणतात. शाहिराच्या मागचे झीलकरी जे करतात तेच हे काम आहे : ध्रुपद उचलायचे, सूर भरायचा, आणि शाहीर दम घेत असताना गाणे पडू द्यायचे नाही. आमच्या नव्या गायिकांना मी ‘हार्मनी’ हा शब्द दुसऱ्या महिन्यात सांगते आणि ‘झील’ पहिल्याच दिवशी. हार्मनी म्हणजे मूळ चालीच्या वरचा किंवा खालचा, तिच्याशी जुळणारा दुसरा सूर धरणे. ती कडव्यापेक्षा ध्रुपदात शोभते, कारण कडव्यात शब्द नवे असतात आणि मंडळीला मूळ चाल स्वच्छ ऐकू यावी लागते.

‘चाल’ या शब्दाशी मात्र कोणीही खेळू नये, असे माझे मत आहे. मुले मेलडी म्हणतात, ट्यून म्हणतात, पण चाल म्हटले की गाण्याचा चालण्याशी असलेला संबंधही कानावर पडतो. आमच्या पुस्तकातल्या काही गीतांवर ८.७.८.७ असे आकडे असतात, ते नवख्यांना टेलिफोन नंबरासारखे वाटतात. ती प्रत्येक ओळीतल्या अक्षरांची मोजणी आहे. दोन गीतांची ही मोजणी सारखी असली की बहुधा एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर गाता येतात, मात्र आघात जुळतात की नाही ते आधी गुणगुणून पाहावे लागते, नाहीतर ‘दया’चा ‘द’ चार मात्रा लांबतो.

आता पट्टीचा विषय, कारण सर्वांत जास्त वाद येथे होतात. पेटीवाल्यांची भाषा काळी-पांढरीची. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि हाच सूर गिटारवाला मुलगा ई फ्लॅट म्हणतो. काळी दोनमध्ये गाणे असले की तो पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावतो आणि डीच्या आकारांनी वाजवतो. पूर्वी मी “काळी दोन” म्हटले की तो भिंतीकडे बघत असे. आता त्याने गिटारच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे. आमची पेटी जुनी आहे आणि तिचे सूर ठरलेल्या मापापेक्षा किंचित चढे आहेत. पेटीचे सूर वाजवता वाजवता बदलता येत नाहीत, म्हणून तिच्या सुराला कीबोर्ड आणि गिटार मिळवून घ्यावे लागतात. यात तिचा मान राखण्याचा प्रश्न नाही, नाइलाज आहे.

पट्टी निवडताना मंडळीचा गळा पाहायचा, आपला नाही. नव्या गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणे बहुधा उंच आवाजाच्या पुरुष गायकाची असतात आणि ती जशीच्या तशी घेतली की बाकांवरचे पुरुष ओरडतात नाहीतर गप्प बसतात. आमचा अंदाज असा की गाण्यातला सर्वांत उंच सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे डीपर्यंत ठेवावा. सकाळच्या उपासनेत तेवढाही जड जातो, कारण साडेआठला निम्म्या लोकांचा आवाज अजून अंथरुणातच असतो.

कॉर्डच्या आकड्यांची पद्धत मात्र काकांना एका वाक्यात कळली. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या स्टुडिओंमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली, कारण गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी वादकांना कागद नव्याने लिहावा लागू नये. मूळ सुरावरची कॉर्ड एक, चौथ्यावरची चार, पाचव्यावरची पाच, सहाव्यावरची सहा. पट्टी कोणतीही असो, आकडे तेच राहतात. गिटारवाला मुलगा हे कागदावर रेघा मारून समजावत होता तेव्हा काका म्हणाले, “म्हणजे सा, म, प आणि ध. एवढंच सांगून राहिला होता का अर्धा तास?” एवढेच होते. सा कुठेही धरा, म त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो. फरक इतकाच की आकडा एका सुराऐवजी त्या सुरावर उभारलेल्या तीन सुरांच्या जुडग्याला दिलेला असतो. तेव्हापासून आमच्या गीतांच्या कागदांवर आकडे आणि सरगम शेजारी शेजारी लिहिलेली असतात.

गाण्याच्या भागांची नावे सोपी आहेत. व्हर्स म्हणजे कडवे, कोरस म्हणजे ध्रुपद. टॅग म्हणजे शेवटची ओळ दोनदा-तीनदा म्हणून संपवणे. काकांनी त्याची सांगड तिहाईशी घातली, आणि टॅग तीनदाच घ्यायचा असेल तर ती छान जमते. व्हॅम्प म्हणजे दोन-तीन कॉर्ड फिरवत राहणे, वर कोणी प्रार्थना करीत असते; त्याला आमच्याकडे ‘घोळवणे’ म्हणतात आणि तो शब्द मला मुळापेक्षा नेमका वाटतो. अडकले ते ब्रिजपाशी. नव्या गाण्यांत दोन ध्रुपदांच्या मध्ये एक निराळा भाग येतो, त्याची चाल कडव्याचीही नसते आणि ध्रुपदाचीही नसते. पहिल्यांदा मुलांनी “काका, आता ब्रिज” म्हटले तेव्हा काकांनी विचारले, “कोणता? रामझुला?” (हा नागपूर रेल्वे स्टेशनजवळचा पूल.) तो विनोद इतका टिकला की आता सरावात सगळेच त्या भागाला रामझुला म्हणतात. एका मंडळीतून मदतीला आलेला कीबोर्डवादक “रामझुल्यानंतर थेट ध्रुपद” ही सूचना ऐकून बराच वेळ विचारात पडला होता.

लयीच्या बाबतीत मी काकांच्या बाजूची आहे. क्लिक म्हणजे कानातल्या यंत्रात ठराविक वेगाने वाजणारा ठोका. मिनिटाला ७२ ठरवला की शेवटपर्यंत ७२. ड्रम आणि गिटारच्या गाण्यांना तो उपयोगी पडतो, विशेषतः आमच्यासारख्या हौशी लोकांना, कारण उत्साहात आम्ही पळतो. भजनाचे तसे नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ध्रुपद दोनदा झाले की लय आपोआप चढते, टाळ जवळ येतात, आणि ते चढणे हाच त्याचा प्राण असतो. क्लिक लावून भजन गाऊन पाहिले. सगळे बरोबर होते आणि कोणीही टाळी वाजवली नाही. आता भजनाला क्लिक बंद असतो. सुरुवात कशी करायची हाही प्रश्न होता. मुलांना “वन, टू, थ्री, फोर” लागते, काका उठाव घेऊन समेवर येतात. दोघांचा मेळ घालण्यासाठी काका आता उठावाआधी डग्ग्यावर दोन हलक्या थापा देतात.

कीबोर्डवरचा पॅड म्हणजे प्रार्थनेच्या किंवा वाचनाच्या वेळी मागे धरून ठेवलेला मंद, सलग सूर. तंबोऱ्याचे काम तो करतो, आणि तंबोऱ्याप्रमाणेच तो असल्याचे कळू नये, बंद झाल्यावर मात्र कळावे. येथे एक तक्रार नोंदवते : प्रत्येक प्रार्थनेखाली पॅड असलाच पाहिजे असा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही. पापकबुलीच्या प्रार्थनेत मौन हवे. स्तोत्रांत ‘सेला’ हा शब्द ७१ वेळा येतो आणि त्याचा नक्की अर्थ विद्वानांनाही ठरवता आलेला नाही. अनेकांच्या मते तो थांबण्याची किंवा वाद्यांच्या मधल्या जागेची खूण असावी. आमच्या कागदावर आम्ही मौनाच्या जागी ‘सेला’ असेच लिहितो. अर्थाबद्दल विद्वान काय म्हणायचे ते म्हणोत, कीबोर्डवाल्याला कळते.

दुसरी तक्रार ‘स्तुती’ आणि ‘आराधना’ या शब्दांची. जलद गाणी ती स्तुती आणि संथ गाणी ती आराधना, अशी वाटणी हल्ली रूढ झाली आहे, आणि गाण्यांची यादी करताना ती सोयीची असते हे मान्य. पण वाणीने देवाचा गौरव करणे आणि त्याच्यापुढे नमणे यांचा वेगाशी काय संबंध?

व्यासपीठावर न दिसणाऱ्या दोन माणसांविषयी लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. पहिला मिक्सरवरचा दादा. मंडळीला जे ऐकू येते ते एक, आणि गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून येते ते दुसरे. ही दोन्ही मिश्रणे तो वेगवेगळी सांभाळतो. मॉनिटरचे तोंड माइकच्या समोर आले की आवाज फिरून फिरून परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. लाइन चेक म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतो की नाही एवढेच पाहणे. साउंड चेक म्हणजे सगळ्यांनी मिळून खरोखर गाऊन आवाजांचे प्रमाण ठरवणे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये याला तिसरी पायरी जोडावी लागते. चारही कूलर चालू करूनच साउंड चेक घ्यायचा, कारण बंद कूलरमध्ये जे प्रमाण सुरेख वाटते ते उपासनेत घरघरीखाली बुडून जाते, आणि मग प्रत्येक जण “माझा थोडा वाढवा” अशी खूण करू लागतो. दादा त्या वेळी कोणाकडेही बघत नाही.

दुसरी व्यक्ती पडद्यावर शब्द दाखवणारी. तिच्या कामाला आमच्याकडे अजून धड नाव नाही. जुन्या पिढीच्या काळी भिंतीवर गीतांचे क्रमांक लावण्याची लाकडी पाटी असे, म्हणून आम्ही तिला ‘पाटीवाली’ म्हणतो आणि तिला ते आवडत नाही. ओळ संपल्यावर पडदा बदलला तर उशीर झालेला असतो; शेवटचे दोन शब्द तोंडात असतानाच पुढची ओळ डोळ्यांना दिसायला हवी. म्हणजे तीही ओळच देते. एका नाताळला शब्दांची फाइल जुन्या फॉन्टमध्ये होती आणि चर्चच्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, तेव्हा ध्रुपदाच्या जागी चौकोन, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली. मंडळीने गीत पाठ म्हटले. आता प्रत्येक फाइल युनिकोडमध्ये असते आणि शनिवारीच त्याच संगणकावर उघडून पाहिली जाते.

बोटांच्या खुणांचे मग असे ठरले. हवेत गोल फिरवलेले बोट म्हणजे पुन्हा ध्रुपद. डोक्याला लावलेला हात म्हणजे पहिल्यापासून. मिटलेली मूठ म्हणजे ही ओळ संपली की संपले. कडव्याचा क्रमांक बोटांनी दाखवायचाच नाही, तो अग्रगायिका तोंडाने सांगेल. कॉर्डचे आकडे गिटार आणि कीबोर्ड यांनी आपसात, कमरेच्या खाली दाखवावेत. काळी एक आणि काळी दोन फक्त सरावात बोलायचे, उपासनेत नाही. आणि एक बोट वर करायला सर्वांना बंदी.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, हे सारे पहिल्यांदा वापरले. शेवटच्या गीतात मी डावा हात उचलून बोट गोल फिरवले, सगळे एकदम ध्रुपदावर आले, पडदा वेळेवर बदलला. तेवढ्यात लक्षात आले की बोट फिरवण्याला बोट वर करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि भाता तोवर रिकामा होतो. ध्रुपदाची पहिली ओळ पेटीशिवायच गेली. उपासनेनंतर तर्रीपोह्यांच्या बशा हातात घेऊन यावर बराच खल झाला. काकांचे म्हणणे, मी मानेने खूण करावी. मुलांचे म्हणणे, पायाने चालणारी पेटी घ्यावी. तिची किंमत विचारायला दादा सोमवारी सीताबर्डीला जाणार आहे.